लहान मुलांना घरी वेदनाशामक औषध देताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मासिस्ट आहे आणि दोन मुलांची आई. "मुलांसाठी चांगलं औषध कुठलं?" हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारतं. खरं सांगायचं तर औषध निवडण्यात घोटाळा क्वचितच होतो. तो होतो मोजताना, आणि बहुतेक वेळा मध्यरात्री, डोळ्यांवर झोप असताना. म्हणून खाली मोजमापाबद्दल जरा जास्तच लिहिलं आहे. आधीच सांगून ठेवते : तुमच्या डॉक्टरांनी तुमचं मूल तपासून काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचं ऐका.

घरी कोणती औषधं देता येतात?

दोनच. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन. पॅरासिटामॉल दुखण्यावर आणि तापावर चालतं आणि पोटाला फारसं त्रास देत नाही, म्हणून सुरुवात सहसा त्यानेच करावी. आयबुप्रोफेन सुजेवरही काम करतं, त्यामुळे मुरगळलेला पाय, कानदुखी, दाढदुखी अशा वेळी त्याचा गुण चांगला येतो. पण ते पोटाला आणि मूत्रपिंडांना जरा जड जातं.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आयबुप्रोफेन काही देशांत तीन महिन्यांनंतर देतात, काही ठिकाणी सहा महिन्यांनंतर. घरच्या घरी द्यायचं तर मी सहा महिन्यांच्या बाजूने आहे.

डोस वयावर ठरवायचा की वजनावर?

वजनावर. बाटलीवरचा वयाचा तक्ता सरासरी वजन धरून केलेला असतो, आणि आपलं मूल सरासरी असेलच असं नाही. तीन वर्षांचं एखादं मूल अकरा किलोचं असतं, दुसरं सतरा किलोचं.

पॅरासिटामॉल एका वेळी दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम. दोन डोसांमध्ये कमीत कमी ४ तास, शक्यतो ६. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत, आणि दिवसभरातली एकूण मात्रा किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या वर नेऊ नका. आयबुप्रोफेन एका वेळी किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, ६ ते ८ तासांनी, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा.

वजन मोजायला बाळांचा वेगळा काटा लागत नाही. बाळाला कडेवर घेऊन साध्या वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. दोन वर्षांखालच्या मुलाचं वजन दर दोन-तीन महिन्यांनी पाहून बाटलीच्या खोक्यावर लिहून ठेवलं, तर रात्री दोन वाजता आठवत बसावं लागत नाही. मूल बरंच जाड असेल तर नुसत्या वजनावर हिशेब करू नका, डॉक्टरांना विचारा.

"पाच मिली द्या" असं सांगितलं होतं. नवीन बाटलीतूनही पाच मिलीच द्यायचं ना?

थांबा. या पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल तर हा वाचा.

'मिली' म्हणजे किती पातळ औषध. 'मिलिग्रॅम' म्हणजे त्या पातळात खरं औषध किती. एकाच पॅरासिटामॉलच्या बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या येतात. एका सिरपमध्ये दर ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात त्याच ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत तर एकाच मिलीत १०० मिलिग्रॅम असू शकतं. थेंब दिसायला नाजूक, पण तीनही बाटल्यांत सगळ्यांत कडक तेच. बाटली छोटी म्हणजे औषध सौम्य, असं सगळ्यांना वाटतं. नेमकं उलट आहे.

दहा किलोचं मूल घ्या. किलोमागे १५ धरले तर त्याला १५० मिलिग्रॅम हवं. पहिल्या सिरपमधून ते साधारण ६ मिली होतं, दुसऱ्यातून ३ मिली आणि थेंबांच्या बाटलीतून दीड मिली. आता कुणी सवयीने थेंबांच्या बाटलीतून ६ मिली दिलं, तर मुलाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम गेलं. म्हणजे अख्ख्या दिवसाची मर्यादा एकाच घोटात संपली.

हिशेब असा करा : मुलाचे किलो गुणिले किलोमागचे मिलिग्रॅम. आलेल्या आकड्याला बाटलीवरच्या मिलिग्रॅमने भागा आणि ते मिलिग्रॅम जितक्या मिलीत असतील, त्या मिलीने गुणा. लेबलावर 'फोर्ट' किंवा 'डीएस' असं काही दिसलं, तर ते जास्त कडक औषध असतं, पण किती कडक ते त्या शब्दावरून ठरवू नका, आकडा वाचा. डॉक्टर नुसते "पाच मिली" म्हणाले, तर तिथल्या तिथे विचारा : "किती मिलिग्रॅम?" यात संकोच करण्यासारखं काही नाही. मी स्वतः विचारते.

स्वयंपाकघरातल्या चमच्याने दिलं तर चालेल?

नाही. कुठल्या चमच्यात अडीच मिली मावतं, कुठल्यात सात. सुई नसलेली तोंडाने द्यायची सिरिंज घ्या. ती डोळ्यांच्या उंचीवर धरून वाचा, वरून वाकून नाही. सिरिंज नसेल तर बाटलीबरोबर आलेलं खुणांचं मापटं वापरा. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला वापरू नका, कारण त्यावरच्या खुणा त्याच औषधापुरत्या असू शकतात.

आणि बाटली हलवा. दोन आठवडे कपाटात उभी राहिलेली बाटली उजेडासमोर धरून पाहा : वर जवळजवळ स्वच्छ पाणी, तळाशी गुलाबी किंवा पांढरा गाळ. तो गाळ हेच औषध. न हलवता दिलं तर पहिले डोस पाणचट जातात, "या औषधाने काहीच होत नाही" असं वाटतं, आणि बाटली संपत आली की शेवटचे डोस नको तेवढे कडक होतात.

आजीने दुपारी दिलं की नाही कुणालाच आठवत नाही. आता देऊ का?

शंका असेल तर देऊ नका. शेवटचा डोस उशिरात उशिरा कधी गेला असू शकतो ती वेळ धरा आणि तिथून तास मोजा. एक डोस चुकल्याने मुलाचं नुकसान होत नाही, दोन एकावर एक गेले तर होऊ शकतं.

हे मी माझ्याच घरी शिकले. धाकटीचा कान दुखत होता. मी अडीचला उठले, सिरिंज भरली, तिला मांडीवर घेतलं, आणि शेजारून झोपेतच नवऱ्याने विचारलं, "परत? मी आत्ताच दिलं, दीडला." मी फार्मासिस्ट, आणि टेबलावरची ओली सिरिंज मला दिसली नव्हती. तेव्हापासून आमच्याकडे बाटलीला रबरबँडने एक कागद बांधलेला असतो. औषध, मिली, वेळ, देणाऱ्याचं नाव. ज्याने दिलं त्याने बाटली बंद करायच्या आधी लिहायचं, नंतर नाही. मोबाइलवर लिहिणारेही आहेत, पण मोबाइल एकाच्या खिशात असतो आणि बाटली सगळ्यांसमोर.

औषध घेतल्यावर लगेच ओकलं. पुन्हा द्यायचं का?

अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली असेल, तर तोच डोस एकदा पुन्हा देता येतो. अर्धा तास उलटून गेला असेल तर नाही, पुढच्या वेळेपर्यंत थांबा. पुन्हा दिलेलंही ओकलं तर तिसऱ्यांदा देत बसू नका, डॉक्टरांना फोन करा. नुसतं ओठावरून ओघळलं, अंगावर सांडलं, थोडं थुंकलं, आणि किती आत गेलं याचा अंदाज येत नाही, अशा वेळी भर घालू नका.

तोंडच उघडत नाही. काय करावं?

मुलाला बसतं किंवा अर्धवट उठतं धरा, सपाट झोपवून कधीच देऊ नका. सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवा, घशाकडे नाही, आणि थोडं थोडं सोडा. एक घोट, थांबा, गिळलं की पुढचा. नाक दाबून ओतणं हा प्रकार आजही चालतो. तो बंद करा, औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं.

दुधाच्या भरल्या बाटलीत औषध मिसळू नका. मूल अर्धी बाटली पिऊन झोपलं तर औषध किती गेलं हे कुणीच सांगू शकत नाही. मिसळायचंच असेल तर चमचाभर कशात तरी, आणि ते सगळं संपवून घ्या. मोठ्या मुलाला सिरिंजचा दांडा स्वतः दाबू द्या, बरीच भांडणं तिथेच मिटतात. "चॉकलेट आहे, खा" मात्र म्हणू नका. उद्या ते कपाट उघडून चॉकलेट शोधेल.

पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही द्यायची का?

एकाच वेळी नको. एक औषध योग्य मात्रेत दिलं, तासभर थांबलात, तरी मूल कळवळतंच आहे, तर पुढे दुसरं देता येतं. पण आलटून-पालटून द्यायला लागलात की दोन घड्याळं चालू होतात : एक चार-सहा तासांचं, एक सहा-आठ तासांचं. चुका इथे सर्वांत जास्त होतात. कागदावर लिहिणार नसाल तर या वाटेला जाऊच नका. दोन्ही औषधं एकत्र असलेलं सिरपही मिळतं, ते डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय घेऊ नका.

ताप १०२ आहे, औषधाने १०० वरच आला. आणखी द्यायचं?

थर्मामीटरला नाही, मुलाला औषध द्या. ताप हा शरीराच्या लढ्याचा भाग आहे, आकडा शून्यावर आणायचा खेळ नाही. १०२ ताप असूनही मूल खेळत असेल, पाणी पीत असेल, तर औषध दिलंच पाहिजे असं नाही. अंग दुखतंय, किरकिर थांबत नाही, तर १०० वरही द्या. पॅरासिटामॉलचा परिणाम दिसायला अर्धा ते एक तास लागतो, तेवढा वेळ द्या.

तापात झटका येईल या भीतीने दर चार तासांनी औषध देणारे बरेच पालक आहेत. तापाच्या औषधांनी असे झटके टळतात असं दिसलेलं नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर मात्र घरी औषध देऊन वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

आयबुप्रोफेन कधी देऊ नये?

जुलाब-उलट्या चालू असतील, मूल नीट पीत नसेल, लघवी कमी झाली असेल तेव्हा. अंगात पाणी कमी असताना हे औषध मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणखी घटवतं. कांजिण्यांत नको, कारण त्वचेच्या गंभीर संसर्गाशी त्याचा संबंध आढळला आहे. डेंगीची शंका असेल तर अजिबात नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. दमा असलेल्या मुलाला आधी कधी दिलं नसेल तर डॉक्टरांना विचारून. एरवी काहीतरी खाल्ल्यावर किंवा दूध प्यायल्यावर द्यावं.

पॅरासिटामॉललाही जपायच्या वेळा आहेत. यकृत त्याचा एक छोटा भाग विषारी द्रव्यात बदलतं आणि ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ वापरून ते निकामी करतं. मूल कुपोषित असेल किंवा दोन-तीन दिवस काहीच खात नसेल, तर हा साठा आटतो. अशा मुलाला नेहमीचा डोसही डॉक्टरांना विचारूनच द्या.

मोठ्यांची गोळी अर्धी करून दिली तर?

५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळी म्हणजे २५०. वीस किलोच्या मुलाला ती हिशेबात बसते, दहा किलोच्या मुलाला किलोमागे २५ होते, म्हणजे फार जास्त. शिवाय बोटांनी मोडलेली गोळी बरोबर अर्धी कधीच होत नाही, आणि मोठ्यांच्या काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या मोडल्या की सगळं औषध एकदम सुटतं. घरात लहान मूल आहे तर मुलांचं औषध घरात असू द्या.

कोणती औषधं अजिबात नकोत?

अ‍ॅस्पिरिन. सोळा वर्षांखालच्या मुलाला नाही, हृदयाच्या किंवा तशाच खास आजारासाठी तज्ज्ञांनी दिलं असेल तेवढा अपवाद. फ्लू किंवा कांजिण्यांमध्ये अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या मुलांना राय सिंड्रोम होऊ शकतो, त्यात मेंदूला सूज येते आणि यकृत निकामी होतं. १९६३ मध्ये या आजाराचं वर्णन झालं. १९८० च्या दशकात मुलांना अ‍ॅस्पिरिन न देण्याचे इशारे निघाले आणि रुग्णांची संख्या झपाट्याने घटली.

कोडीन (अफूच्या जातीचं वेदनाशामक) बारा वर्षांखाली नाही. काही मुलांचं शरीर त्याचं मॉर्फीनमध्ये इतक्या वेगाने रूपांतर करतं की श्वास मंदावतो. निमेसुलाइडही (ताप-दुखण्यावरचं आणखी एक औषध) बारा वर्षांखाली नाही, यकृताला इजा होऊ शकते म्हणून. घरात मागच्या आजारपणातलं उरलेलं काही असेल तर ते मुलाच्या कपाटातून आजच काढा.

सर्दीच्या औषधाबरोबर पॅरासिटामॉल देऊ का?

आधी सर्दीच्या बाटलीचं मागचं लेबल वाचा. सर्दी-तापाच्या बऱ्याच मिश्रणांत पॅरासिटामॉल आधीच असतं. नावं वेगळी, रंग वेगळे, आत तेच. माझं मत विचाराल तर लहान मुलांना अशी मिश्रणं देऊच नयेत : चार औषधांतली तीन बहुधा नकोच असतात.

दात येताना हिरडीला लावायची जेल?

बधिर करणारी बेंझोकेनची जेल दोन वर्षांखाली वापरू नका, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये तसा स्पष्ट इशारा दिला आहे. तिच्यामुळे क्वचित रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते, बाळाचे ओठ निळे पडतात. स्वच्छ बोटाने हिरडी चोळा, फ्रिजमध्ये गार केलेलं चावायचं खेळणं द्या. दात येण्याने मोठा ताप येत नाही. ताप असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

लस द्यायला जाण्याआधीच डोस देऊन ठेवू?

सहसा नको. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लशीच्या वेळी नियमित पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांत काही लशींची प्रतिपिंडं कमी तयार झालेली दिसली. नंतर बाळ दुखण्याने रडत असेल तर जरूर द्या. मेनिंजायटिसच्या 'बी' प्रकाराच्या लशीबरोबर मात्र काही देशांत मुद्दाम देतात, तिथे लस देणारे सांगतील तसं करा.

न बोलणाऱ्या बाळाला दुखतंय हे ओळखायचं कसं?

रुग्णालयात पाच गोष्टी पाहतात, तुम्हीही पाहा : चेहरा आक्रसलाय का, पाय पोटाशी घेतोय का, अंग ताठ आहे की वळवळतंय, रडणं कसं आहे, आणि उचलून घेतल्यावर शांत होतं का. शेवटची खूण मला सगळ्यांत उपयोगी वाटते. भुकेलं, झोपाळलेलं बाळ कुशीत निवतं. दुखणारं बाळ निवत नाही.

चुकून जास्त दिलं गेलं. मूल तर मस्त खेळतंय.

तरीही लगेच रुग्णालयात जा. पॅरासिटामॉलचा हाच दगा आहे : पहिला दिवसभर काहीही दिसत नाही, आणि यकृताला इजा होत असते. त्यावर एन-अ‍ॅसिटिलसिस्टिन हा उतारा आहे आणि तो आठ तासांच्या आत सुरू झाला तर फार चांगलं काम करतो. लक्षणांची वाट पाहिली की हे तास वाया जातात. उलटी करवू नका. बाटली, सिरिंज आणि तो कागद बरोबर घ्या. किती वाजता, किती मिली, मुलाचं वजन किती, एवढं सांगता आलं की डॉक्टरांचं निम्मं काम झालं. ओरडतील म्हणून आकडा कमी करून सांगू नका.

किती दिवस घरीच देत राहायचं?

दोन दिवस, फार तर तीन. त्याआधीच जायचं ते अशा वेळी : मान ताठ झाली, अंगावरचे लाल-जांभळे ठिपके काच दाबली तरी पुसट होत नाहीत, मूल पायावर भार देत नाही, पोट दुखायचं थांबतच नाही, डोक्याला मार लागल्यावर उलट्या होतात, डोकेदुखीने झोपेतून उठतं, किंवा उठवलं तरी नीट जागं होत नाही. मुलग्याच्या वृषणात एकाएकी दुखायला लागलं तर तासही दवडू नका. लाजेने मुलं "पोट दुखतं" म्हणतात, म्हणून विचारा आणि पाहा.

बाटली ठेवायची कुठे?

उंच आणि कुलपात. मुलांना न उघडणारं म्हणून जे झाकण मिळतं, ते मुलांना उघडायला फक्त वेळ लावतं. उशीखाली, पर्समध्ये, पाहुण्यांच्या पिशवीत राहिलेल्या बाटल्यांनीच जास्त अपघात होतात. बाटली उघडल्याची तारीख लेबलावर लिहा, उघडल्यावर किती दिवस चालते ते तिथेच छापलेलं असतं.

डोसची वेळ झाली पण मूल झोपलंय. उठवू?

नाही. श्वास नीट चालू आहे ना, हात लावल्यावर कूस बदलतंय ना, एवढं पाहा. उठल्यावर दुखत असेल तर तेव्हा द्या, आणि कागदावर ती वेळ लिहा.